लाइव्ह ओकची मोजणी : एक आढावा

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात गेली नव्वद वर्षे अशी एक संस्था नांदत आहे की, जिच्या सभासदांना सभेस उपस्थित राहता येत नाही, ठरावावर हात वर करता येत नाही, आणि तरीही ज्यांच्यापैकीच एकाकडे अध्यक्षपद चालत आलेले आहे. कारण हे सर्व सभासद वृक्ष आहेत. लाफाएत येथील महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष डॉ. एडविन लुइस स्टीफन्स यांनी १९३४ साली राज्याच्या निसर्गसंवर्धनविषयक नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला, त्याला वॉल्ट व्हिटमनच्या एका प्रसिद्ध कवितेचे शीर्षक दिले, आणि आपल्या मुलखातील त्रेचाळीस थोर वृक्षांची घेरासकट यादी देऊन त्यांची एक सभा स्थापन व्हावी अशी सूचना केली. सूचना मान्य झाली आणि 'लाइव्ह ओक सोसायटी' अस्तित्वात आली. सभासदत्वासाठी घेर सतरा फुटांहून अधिक असावा, कारण तेवढ्या घेराचा वृक्ष शंभरी ओलांडलेला असणार असा स्टीफन्स यांचा कयास होता. वार्षिक वर्गणी म्हणजे त्या वृक्षाची टोपीदार फळे, नग पंचवीस. आणि ती भरण्याची जबाबदारी वृक्षाच्या मानवी प्रतिनिधीवर. संस्थेत माणूस एकच, तोही मानद. सभासदांना चुना फासू नये असेही एक कलम तिच्या नियमावलीत आहे, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाच्या कमरेला गेरू-चुन्याचे पट्टे ओढल्याखेरीज ज्याचे समाधान होत नाही अशा आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने या कलमाची प्रत मागवून घेण्यास हरकत नाही.

प्रस्ताव गमतीचा वाटला तरी त्याच्या मुळाशी मोजपट्टी आहे, आणि म्हणूनच तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. मोठा वृक्ष कोणास म्हणावे, त्याचा मोठेपणा कोणत्या रीतीने मोजावा, मोजून हाती आलेल्या आकड्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, या प्रश्नांवर अमेरिकेच्या दक्षिण भागात शतकभर जो खल झाला त्याचा हा आढावा आहे. माझे स्वतःचे मत आरंभीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या बाजूने झुकले आहे हे वाचकाला कळेल: या वृक्षांचा घेर काळजीपूर्वक मोजता येतो, त्यांचे वय बहुधा मोजता येत नाही, आणि दुर्दैवाने त्यांची सारी लोकप्रसिद्धी वयावर उभी आहे.

प्रथम वृक्षाविषयी. ओकच्या शेकडो जाती आहेत आणि थंड प्रदेशातील बहुसंख्य जाती हिवाळ्यात निष्पर्ण होतात. पण क्वेर्कस व्हर्जिनियाना ही दक्षिणी जाती बारमाही हिरवी राहते. तिची जुनी पाने वसंतात नवी पालवी फुटता फुटता गळतात, त्यामुळे वृक्ष उघडा पडलेला सहसा दिसत नाही, आणि इतर ओक वाळल्यासारखे उभे असताना हा जिवंत दिसतो म्हणून तो 'लाइव्ह' ओक. व्हर्जिनियाच्या आग्नेय किनाऱ्यापासून कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा असा वळसा घेत मेक्सिकोच्या आखाताच्या काठाकाठाने टेक्सासपर्यंत त्याचा मुलूख पसरला आहे. टेक्सासच्या अंतर्भागात त्याची जागा एक निकटची भगिनी-जाती घेते, आणि कॅलिफोर्नियात ज्याला लाइव्ह ओक म्हणतात तो वेगळाच. मोकळ्या जागेत वाढलेल्या या वृक्षाची उंची साठ-सत्तर फुटांपलीकडे क्वचितच जाते, पण विस्तार शंभर ते दीडशे फूट होतो. त्याच्या फांद्या खोडापासून आडव्या निघून स्वतःच्या भाराने जमिनीला टेकतात आणि टेकून पुन्हा वर उठतात. फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांना लोक 'स्पॅनिश मॉस' म्हणतात, परंतु ते शेवाळ नव्हे. ती अननसाच्या कुळातील, हवेतूनच ओलावा घेणारी सपुष्प वनस्पती आहे. तिच्या शेजारी सालीवर एक लहानसे नेचे असते, जे अवर्षणात वाळून तपकिरी गोळा होते आणि पाऊस पडताच काही तासांत हिरवे होऊन पसरते.

ज्या वाकडेपणामुळे हा वृक्ष आज चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना प्रिय झाला आहे त्याच वाकडेपणामुळे एके काळी त्याच्यावर कुऱ्हाड चालली. लाकडी युद्धनौकेच्या सांगाड्याला सरळ फळ्यांपेक्षा निसर्गतःच कोनात वाढलेल्या तुकड्यांची गरज अधिक असते, आणि लाइव्ह ओकच्या फांदी-खोडाच्या सांध्यात असे तुकडे तयार मिळतात. शिवाय हे लाकूड अमेरिकेतील ओक-जातींमध्ये अत्यंत जड आणि टिकाऊ आहे. १७९४ साली नव्या प्रजासत्ताकाने सहा युद्धनौका बांधण्याचे ठरविले तेव्हा उत्तरेकडील लाकूडतोडे जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील बेटांवर धाडण्यात आले, आणि तेथील दलदलीत, हिवतापाने जर्जर होऊन त्यांनी जी लाकडे तोडली त्यांतून १७९७ साली 'कॉन्स्टिट्यूशन' ही नौका पाण्यात उतरली. १७९९ मध्ये काँग्रेसने नौकांचे लाकूड आणि लाकडाच्या जमिनी खरेदी करण्यास दोन लक्ष डॉलर मंजूर केले, जॉर्जियातील ब्लॅकबियर्ड बेट याच हेतूने सरकारने विकत घेतले, आणि १८२८ च्या सुमारास अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या कारकिर्दीत फ्लोरिडातील पेन्साकोलाजवळ लाइव्ह ओकची सरकारी राई राखण्याचा प्रयोग झाला. अरण्य राखावे, तेही तोफांसाठी, हा विचार त्या देशाच्या वनधोरणाचा एक आरंभबिंदू आहे, हे वनप्रेमींनी विसरू नये.

या नौकेचा एक धागा आपल्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचतो. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर 'कॉन्स्टिट्यूशन'ने ब्रिटिशांची 'जावा' ही नौका निकामी करून जिंकली. त्या 'जावा'वर मुंबईच्या लष्कराचा नियुक्त सेनापती टॉमस हिस्लॉप प्रवास करीत होता, आणि तिच्या मालात मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधल्या जात असलेल्या 'कॉर्नवॉलिस' या सागवानी युद्धनौकेसाठी तांब्याचे पत्रे होते. हिस्लॉप कैद झाला, वचनावर सुटला, पुढे मद्रासच्या सैन्याचा सरसेनापती होऊन हिंदुस्थानात आला, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला. जॉर्जियाच्या ओकने ज्याला पाच वर्षांपूर्वी अडविले होते तो गृहस्थ अखेर मराठ्यांच्या मुळावर आलाच. मलबारच्या सागावर आपल्याकडे जो अभिमान आहे तसाच लाइव्ह ओकवर अमेरिकनांचा आहे, आणि दोन्ही लाकडांचा तो काळ लोखंडी जहाजांनी संपविला. त्यानंतर या वृक्षाला व्यापारी मोल फारसे उरले नाही, आणि त्याचे मोजमाप घनफुटांत करणारा लाकूडव्यापारी जाऊन त्याच्या जागी घेर मोजणारा रसिक आला.

रसिकांच्या या मोजणीत शिस्त आणली ती मेरिलँड राज्याचे पहिले वनाधिकारी फ्रेड बेसली यांनी. १९२५ साली त्यांनी राज्यातील मोठ्या वृक्षांची स्पर्धा जाहीर केली, आणि तिच्यातून पुढे जे सूत्र रूढ झाले ते असे की, खोडाचा घेर इंचांत, उंची फुटांत, आणि पर्णसंभाराच्या सरासरी व्यासाचा चतुर्थांश फुटांत घेऊन तिन्हींची बेरीज करावी व त्या गुणांवर वृक्षांचा क्रम लावावा. १९४० मध्ये अमेरिकेच्या वनसंघटनेने, जी आज 'अमेरिकन फॉरेस्ट्स' या नावाने ओळखली जाते, राष्ट्रव्यापी नोंदवही उघडली आणि हेच सूत्र तिला लावले. अलीकडे ते दप्तर टेनेसी विद्यापीठाकडे गेले आहे. सूत्र सुटसुटीत आहे, शाळकरी मुलालाही वापरता येते, आणि त्याने हजारो लोकांना वृक्षांपर्यंत नेले, हे त्याचे पुण्य. पण त्याच्या पोटात एक पक्षपात आहे. घेर एक फुटाने वाढला की बारा गुण मिळतात; तेवढेच गुण उंचीतून मिळवायचे तर वृक्षाने बारा फूट वाढावे लागते, आणि विस्तारातून मिळवायचे तर अठ्ठेचाळीस फूट पसरावे लागते. लाइव्ह ओकचा खरा पराक्रम पसरण्यात आहे, आणि नेमका तोच या सूत्रात सर्वांत स्वस्त ठरला आहे. याउलट बुंध्याची सूज, मुळांचे फुगवटे, दोन खोडांचा जोड या गोष्टी, ज्यांत वृक्षाचे कर्तृत्व काहीच नाही, भरघोस गुण देऊन जातात.

घेर मोजणे हे वरकरणी सोपे काम आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर पट्टी गुंडाळावी, आडवी ठेवावी, ताणून आकडा वाचावा. हीच उंची आपल्या वनखात्यातही १.३७ मीटर म्हणून प्रमाण आहे आणि वनरक्षक तिला छातीची उंची म्हणतात. परंतु जुना लाइव्ह ओक हा सरळ खांबासारखा वृक्ष नसल्यामुळे प्रत्येक शब्दावर तंटा उभा राहतो. जमीन उतरती असेल तर साडेचार फूट कोठून धरावयाचे? त्याचे उत्तर म्हणजे वरच्या आणि खालच्या बाजूच्या मधल्या पातळीपासून. तेवढ्या उंचीवर फांदी फुटलेली असेल तर? तेव्हा खाली सरकून जेथे खोड सर्वांत बारीक असेल तेथे मोजावे आणि कोणत्या उंचीवर मोजले ते लिहून ठेवावे. साडेचार फुटांवरही मुळांचे पंखे संपलेले नसतील, सालीवर जाड वेल चढलेला असेल, पट्टी मागच्या बाजूला नकळत घसरली असेल, तर प्रत्येक वेळी आकडा फुगतो. कमी होण्याचा प्रसंग जवळजवळ येतच नाही, आणि मोजणाऱ्याची इच्छाही बहुधा फुगविण्याच्याच बाजूची असते. दक्षिण कॅरोलायनातील जॉन्स बेटावरचा सुप्रसिद्ध 'एंजल ओक' घ्या. त्याचा घेर कोठे साडेपंचवीस फूट तर कोठे अठ्ठावीस फूट छापलेला आढळतो. अडीच फुटांचा हा फरक राष्ट्रीय सूत्रात तीस गुणांचा आहे. मोजणीची उंची व तारीख आकड्याशेजारी लिहिण्याची प्रथा असती तर वाद तेथेच मिटला असता.

याहून अवघड प्रश्न एक खोड की अनेक, हा. सोसायटीचा पहिला अध्यक्ष, लुइझियानातील टाफ्ट येथील 'लॉक ब्रो ओक', छत्तीस फूट घेराचा होता. कारखान्यांच्या मुलखातील दूषित हवा आणि भूजल यांमुळे तो १९६८ साली मेला. अध्यक्षपद मग पाँचट्रेन सरोवराच्या उत्तर काठावर मँडेव्हिलनजीक लुइसबर्ग येथे उभ्या असलेल्या 'सेव्हन सिस्टर्स' या वृक्षाकडे आले. त्याचा घेर अडतीस फुटांहून अधिक, आणि राष्ट्रीय नोंदवहीतही या जातीचा अव्वल क्रमांक त्याने मिळविला होता. पण नावातच सात बहिणी असल्याने हा एक वृक्ष नसून एकमेकांत मिसळलेली अनेक खोडे असावीत, असा आक्षेप फार दिवस घेतला जात होता. १९७६ साली सरकारी वनतज्ज्ञांनी मुळांची पाहणी करून मूळसंस्था एकच असल्याचा निर्वाळा दिला आणि पद कायम झाले. मला हा निर्णय पुरेसा वाटत नाही. शेजारी उगवलेल्या ओकची मुळे जमिनीखाली एकमेकांत कलम व्हावीत हे या वंशात अगदी नित्याचे आहे. म्हणून मुळे एक असणे हा खोड एक असल्याचा पुरावा होत नाही. आजचे काटेकोर मोजणीदार वेगळी कसोटी लावतात: प्रत्येक खोडाच्या गाभ्याची रेषा मनाने खाली ओढत न्यावी; त्या रेषा जमिनीच्या वर एकत्र येत असतील तर वृक्ष एक, जमिनीखाली येत असतील तर अनेक. ही कसोटी कठोरपणे लावली तर यादीतील कित्येक मानकऱ्यांची मनसब खालसा होईल, आणि म्हणूनच ती लावण्यास कोणी फारसे उत्सुक दिसत नाही.

उंचीच्या बाबतीत जो गोंधळ होता तो मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बव्हंशी निवळला. जुनी रीत अशी की, खोडापासून शंभर फुटांवर उभे राहून कोनमापकाने शेंड्याचा कोन घ्यावा आणि अंतराला त्या कोनाच्या टॅनने गुणावे. रीत गणिताने निर्दोष आहे, पण तिच्यात शेंडा खोडाच्या बरोबर माथ्यावर आहे असे गृहीत धरलेले असते. घुमटाकार लाइव्ह ओकमध्ये तसे नसते. समजा, आपल्याला सर्वांत वरची दिसणारी डहाळी खोडापासून तीस फूट आपल्या दिशेने पुढे आलेली आहे आणि डोळ्याच्या पातळीपासून पन्नास फूट उंच आहे. तर आपण तिच्यापासून सत्तर फुटांवरच उभे आहोत, परंतु हिशेब शंभराने करतो, आणि पन्नासाचे एकाहत्तर फूट होतात. वृक्ष जितका पसरट तितकी ही चूक मोठी. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'ईस्टर्न नेटिव्ह ट्री सोसायटी'च्या मंडळींनी यावर लेसर दूरमापकाचा तोडगा काढला: डहाळीपर्यंतचे तिरके अंतर थेट मोजावे आणि त्याला कोनाच्या साइनने गुणावे, म्हणजे डहाळी खोडाच्या माथ्यावर आहे की बाजूला, याने काहीच बिघडत नाही. या एका सुधारणेने देशभरच्या कित्येक विक्रमी उंच्या वीस-वीस, तीस-तीस फुटांनी खाली आल्या. हीच मंडळी पुढे निवडक वृक्षांवर दोर लावून चढली आणि फांदीफांदीचे माप घेऊन लाकडाचे एकूण घनफळ काढू लागली. चार्ल्स्टनजवळचा 'मिडल्टन ओक' अशा रीतीने मोजलेल्यांपैकी आहे. माझ्या मते मोठेपणाचे सर्वांत न्याय्य माप घनफळच, पण ते काढावयास इतके श्रम पडतात की ते सर्वसाधारण नोंदवहीचे माप कधी होईल असे वाटत नाही.

आता वय. एंजल ओक पंधराशे वर्षांचा आहे असे पर्यटकाला वर्षानुवर्षे सांगण्यात आले. अधिक संयमी अंदाज तीनशे ते पाचशे वर्षांचा आहे. मिसिसिपीतील लाँग बीच येथील 'फ्रेंडशिप ओक' १४८७ साली रुजला असे नेमके वर्षच सांगतात, आणि टेक्सासमधील लॅमर येथे गूज बेटाच्या राज्य-उद्यानात जो पस्तीस फूट घेराचा 'बिग ट्री' आहे त्याच्या वाट्याला सहस्रक आले आहे. या सनांचे दस्तऐवज कोठेही नाहीत. वृक्षाचे वय निश्चित करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे खोडातील वलये मोजणे, आणि लाइव्ह ओक या मार्गावर तीन अडसर घालतो: उबदार किनाऱ्यावर त्याची वाढ हिवाळ्यातही पुरती थांबत नसल्यामुळे वलये अस्पष्ट असतात, लाकूड इतके कठीण की वेधणीचे हत्यार आत जाताना अडते, क्वचित मोडतेही, आणि खरोखर जुन्या वृक्षाचा गाभा बहुधा पोकळ झालेला असतो, म्हणजे जेथे पहिली शंभर-दोनशे वर्षे लिहिलेली असावयाची तेथे हवा असते. अमेरिकेच्या पूर्व भागातील पांढऱ्या ओकचे वलयांवरून पडताळलेले सर्वाधिक वय ४६४ वर्षे आहे. लाइव्ह ओक तेवढा जगत नसेल असे नव्हे. पण सहस्रकाचा दावा करणाऱ्याने या आकड्याची आठवण ठेवावी.

राहता राहिला घेरावरून वय काढण्याचा लोकमान्य मार्ग. मोकळ्यावर, खोल मातीत, दमट हवेत वाढणारा तरुण लाइव्ह ओक झपाट्याने जाड होतो आणि गर्दीत अडकलेला शतक लोटले तरी सडपातळ राहतो. म्हणून एकाच घेराच्या दोन वृक्षांच्या वयांत दुपटीचाही फरक पडू शकतो. स्टीफन्स यांनी सतरा फुटांची जी मर्यादा घातली ती निदान सावध होती, कारण तिच्यात 'शंभराहून कमी नाही' एवढेच म्हटलेले होते. आज ही संस्था आठ फुटांच्या वृक्षालाही नोंदणी देते आणि सोळा फुटांवरच्यांना शतायूंच्या वर्गात बसविते. चौदा राज्यांतून हजारो वृक्ष तिच्या पटावर आहेत. घेरावरून वय ताडण्याच्या कामी ज्यांची लागवडीची तारीख कागदोपत्री ठाऊक आहे अशा वृक्षांचे मोल फार मोठे, आणि स्टीफन्स यांनी स्वतः १ जानेवारी १९०१ रोजी, नव्या शतकाच्या पहिल्या दिवशी, आपल्या महाविद्यालयाच्या आवारात जे ओक लावले ते शंभर वर्षांत कोठवर येतात हे पाहणे शेकडो दंतकथांपेक्षा अधिक उद्बोधक आहे.

दंतकथा सर्वस्वी टाकाऊ आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. लोक या वृक्षांना भेटावयास जातात ते घेरासाठी जात नाहीत, कथेसाठी जातात. व्हर्जिनियातील हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारातील 'इमॅन्सिपेशन ओक' घेराच्या यादीत फार वर येणार नाही; पण १८६१ साली मेरी पीक या शिक्षिकेने गुलामगिरीतून निसटून आलेल्यांना याच वृक्षाखाली अक्षरे शिकविली, आणि १८६३ मध्ये लिंकनची मुक्तीची घोषणा येथेच वाचून दाखविण्यात आली. उलट लुइझियानातील व्हॅशेरी येथे चौदा-चौदांच्या दोन रांगांत उभे असलेले अठ्ठावीस ओक आणि त्यांच्या टोकाशी १८३७ ते १८३९ च्या दरम्यान उठलेला स्तंभांचा वाडा, ज्याला आज 'ओक ॲली' म्हणतात, पाहताना पाहुण्याची दृष्टी वृक्षांच्या कमानीवरच खिळते, आणि ज्यांच्या सक्तीच्या श्रमावर तो वाडा व सभोवारचा उसाचा मळा चालला ती गुलाम माणसे चौकटीबाहेर राहतात. त्याच मळ्यावर आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६ च्या हिवाळ्यात पेकन या फळझाडावर यशस्वी कलमे बांधली आणि त्या फळाच्या बागायतीचा पाया घातला. तेथे जाणाऱ्याने ओकइतकीच त्याचीही चौकशी करावी. दक्षिणेतील बहुतेक भव्य लाइव्ह ओक मळेवाल्यांच्या अंगणात आहेत, त्यांना नावेही मळेवाल्यांचीच आहेत, आणि घेर मोजणारी पट्टी याबद्दल काहीच बोलत नाही.

कीर्तीची दुसरीही एक किंमत आहे. टेक्सासच्या ऑस्टिन शहरातील 'ट्रीटी ओक'वर १९८९ साली एका माणसाने जालीम तणनाशक ओतले. माती बदलली, साखरेचे पाणी दिले, सावलीचे पडदे उभारले, उद्योगपती रॉस पेरो यांनी कोरा धनादेश पुढे केला, गुन्हेगाराला कैद झाली, आणि एवढ्या खटाटोपानंतर वृक्षाचा सुमारे तृतीयांश भाग वाचला, ज्याला १९९७ मध्ये पुन्हा फळे आली. अलाबामातील ऑबर्न येथे फुटबॉलच्या वैरातून २०१० साली असाच प्रकार घडला. विष दिलेले तेथील दोन ओक वाचले नाहीत, २०१३ मध्ये ते काढावे लागले. या घटना वृत्तपत्रांत गाजतात. रोजचे नुकसान मात्र प्रेमळ पाहुण्यांकडून होते आणि ते कोठेच छापले जात नाही. लाइव्ह ओकची अन्न शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच, फांद्यांच्या कक्षेपलीकडे दूरवर पसरलेली असतात. तेथील माती पायांनी आणि मोटारींनी चेपली गेली की तिच्यातील हवा जाते आणि वृक्ष वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू खंगतो. तुफानांचे भय त्यामानाने कमी. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासकांना चक्रीवादळांनंतरच्या पाहणीत लाइव्ह ओक हा सर्वांत तग धरणाऱ्या वृक्षांपैकी आढळला. फ्रेंडशिप ओक १९६९ चे 'कमिल' आणि २००५ चे 'कट्रिना' ही दोन्ही वादळे सोसून उभा आहे, आणि 'कट्रिना'त जे पडले त्यांचे लाकूड १८४१ सालच्या 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' या देवमाशाच्या शिकारी जहाजाच्या दुरुस्तीला कामी आले. टेक्सासमध्ये मुळांच्या जोडांतून एका ओककडून दुसऱ्याकडे जाणारा बुरशीचा मररोग हा याहून मोठा शत्रू आहे.

संरक्षणाचे मार्ग निरनिराळे निघाले आहेत. एंजल ओक १९९१ पासून चार्ल्स्टन शहराच्या मालकीचा आहे, तेथे प्रवेश मोफत आहे, चढण्यास मनाई आहे, सायंकाळी दरवाजा बंद होतो. जॉर्जियातील सव्हाना येथील 'कँडलर ओक'साठी १९८४ मध्ये जमीनमालकाशी कायमचा हक्क-करार झाला, आणि एकट्या वृक्षासाठी झालेला तो त्या देशातील पहिला करार मानला जातो. लाइव्ह ओक सोसायटीच्या नोंदणीला मात्र कायद्याचे काहीच बळ नाही; सेव्हन सिस्टर्सप्रमाणे तिचे पुष्कळ सभासद खाजगी आवारांत आहेत, आणि मालकाला आपल्या अंगणातील वृक्ष सभासद असल्याची लाज वाटावी यापलीकडे तिच्या हाती साधन नाही. तरीही ही लाज पुष्कळ ठिकाणी कुऱ्हाड थोपवून धरते. ह्यूस्टन, अटलांटा या बाजूंना राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणाला या वृक्षांच्या दर्शनास जावयाचे असेल तर गूज बेटाचा वृक्ष आणि एंजल ओक हे दोन्ही सर्वांना खुले आहेत. खाजगी वृक्ष पाहण्यापूर्वी मालकाची परवानगी विचारावी, कुंपणाबाहेरून दिसेल तेवढे पाहावे, आणि मोजावयाचे असल्यास पट्टी कापडाची न्यावी, सालीत खिळा ठोकू नये.

या साऱ्या खटाटोपाचा आपल्याशी संबंध एका ठिकाणी फार निकट येतो. महाराष्ट्राच्या नागरी भागांतील वृक्षांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ सालचा. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या वृक्षाला 'हेरिटेज' दर्जा देण्यात आला, आणि तोडलेल्या वृक्षाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावीत असे ठरले. हेतू स्तुत्य आहे. परंतु ज्या राशीबद्दल लुइझियानापासून टेक्सासपर्यंतचे लोक नव्वद वर्षे भांडत आले, जी वड-पिंपळांच्या बाबतीत तर अधिकच संदिग्ध, कारण वडाचे मूळ खोड नाहीसे होऊन पारंब्यांचीच खोडे उरलेली असतात, त्याच राशीवर आपण संरक्षण आणि भरपाई हे दोन्ही टांगून ठेवले. वय अंदाजाने वीस वर्षांनी कमी दाखविले की दर्जाही गेला आणि वीस झाडेही गेली, आणि अंदाज खोटा ठरविण्यास कोणापाशीच साधन नाही. महानगरपालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांनी आपल्या गणनेच्या तक्त्यात प्रत्येक मोठ्या वृक्षापुढे १.३७ मीटरवरचा घेर, तेथे शक्य नसल्यास ज्या उंचीवर घेतला ती उंची, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्याची सही, एवढे चार रकाने भरावेत, आणि दर्जा घेरावरून ठरवावा. वयाचा रकाना, ज्यांच्यापाशी लागवडीचा कागद असेल त्यांच्यासाठी ठेवावा.